सल्ला आवरण्याचा अभ्यास: मोठ्या वयात व्यसनमुक्ती समुपदेशक होताना

पंचेचाळीस वर्षांचा विद्यार्थी वर्गात शिरला तरी कुणी वळून बघत नाही, असे अभ्यासक्रम मोजकेच. व्यसनमुक्ती समुपदेशनाचा अभ्यासक्रम त्यांतला एक. इथे येणाऱ्यांत कुणाला स्वतःची दारू सुटून काही वर्षं झालेली असतात. कुणाचं अर्धं आयुष्य नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर मुलाच्या व्यसनामागे धावण्यात गेलेलं असतं. कुणी नर्स असतं, कुणी शिक्षक, कुणी तुरुंगात किंवा कामगार वस्तीत काम केलेलं. पहिली धास्ती मात्र सगळ्यांची सारखीच: एवढ्या वर्षांनी पुस्तक हातात धरायचं, मेंदूतल्या रसायनांची नावं लक्षात ठेवायची, परीक्षा द्यायची, झेपेल का?

झेपतं. वेळ लागतो, पण झेपतं. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याचं घोडं अडतं ते परीक्षेच्या बऱ्याच नंतर, समोर जिवंत माणूस येऊन बसल्यावर. तोवरच्या आयुष्यात चार लोकांना चार गोष्टी समजावून सांगायची त्याला सवय झालेली असते, बहुतेकदा मानही मिळालेला असतो. या कामात नेमकी तीच सवय आवरावी लागते. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी कामाचा आवाका. समुपदेशन म्हणजे समोरासमोर बसून बोलणं, अशी बाहेरून समजूत असते. अमेरिकेत या व्यवसायाला आकार येत होता तेव्हा समुपदेशकाच्या कामाचे १२ भाग ठरवले गेले आणि पुढे बऱ्याच ठिकाणचं प्रशिक्षण त्यांच्या आधारे बेतलं गेलं. प्राथमिक चाचपणी, दाखल करून घेणं, उपचारांची ओळख करून देणं, सविस्तर मूल्यमापन, उपचारांचा आराखडा, समुपदेशन, इतर सेवांशी सांधा जुळवणं, आणीबाणीचा प्रसंग हाताळणं, रुग्णाला आणि घरच्यांना माहिती देणं, गरज पडल्यास दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवणं, नोंदी ठेवणं आणि सहकाऱ्यांशी विचारविनिमय. मोजून बघा: बारांत समुपदेशन एकच. लिहिण्याचा कंटाळा असेल तर हे आधीच कळलेलं बरं, कारण नोंदींमध्ये या नोकरीचा बराच वेळ जातो. याच नोंदी उद्या डॉक्टर वाचणार असतो, कधी न्यायालयसुद्धा मागवतं.

पुस्तकातला भाग

पहिला धडा निदानाचा. आपल्या डोक्यात व्यसनी माणसाचं एक चित्र पक्कं असतं: कपडे मळलेले, तोल गेलेला, घरदार विकून बसलेला. डीएसएम-५ ही मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली २०१३ साली आली. तिने व्यसनाच्या आजारासाठी ११ निकष ठेवले. गेल्या १२ महिन्यांत त्यांतले २ किंवा ३ दिसले तर आजार सौम्य, ४ किंवा ५ दिसले तर मध्यम, ६ किंवा अधिक दिसले तर तीव्र. ठरवलं त्यापेक्षा जास्त घेतलं जाणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, तलफ येणं, कामाची हेळसांड होणं, नात्यांत भांडणं होऊनही चालूच ठेवणं, धोक्याच्या जागी वापरणं, असे हे निकष आहेत. प्रमाण वाढवत न्यावं लागणं आणि बंद केल्यावर त्रास होणं, ही शरीराच्या सरावण्याची लक्षणं अकरांतली फक्त दोन. शिवाय डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत ती त्या औषधापुरती धरायची नसतात. त्यामुळे वेदनाशामक गोळ्यांना शरीर सरावलेला रुग्ण व्यसनी ठरतोच असं नाही. उलट वेळेवर कामाला जाणारा, घरी आवाज न चढवणारा माणूस ६ निकष सहज पूर्ण करू शकतो. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला हा धडा जड जातो. निकष सोपेच असतात, पण त्यांच्यापायी आधीचं चित्र पुसावं लागतं.

मग मेंदू. याची सगळ्यांत जास्त भीती असते आणि गंमत म्हणजे बहुतेकांना पुढे हाच भाग आवडतो. १९५४ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विशिष्ट जागी विजेच्या तारा बसवल्या. कळ दाबली की तिथे सौम्य विद्युतप्रवाह जायचा. उंदीर कळ दाबतच राहिले. मेंदूत सुखाचं केंद्र आहे, अशी कल्पना त्यातून रुजली आणि पुढे डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असं सोपं समीकरण तयार झालं. ते पुरतं खरं नाही. १९९३ साली टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी मांडलं की एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि ती आवडणं या मेंदूच्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. डोपामिनचा संबंध मुख्यतः हवं वाटण्याशी आहे. व्यसनात ही ओढ वाढत जाते, आनंद मात्र तेवढा वाढत नाही, कधी कमीच होतो. 'आता पिण्यात मजा उरलेली नाही, तरी पाय तिकडेच वळतात,' असं रुग्ण सांगतो तेव्हा तो बहाणा करत नसतो. हे एकदा समजलं की 'मनात आणलं तर काय अवघड आहे' हे वाक्य तोंडातून आपोआप गळून पडतं.

पण सगळं मेंदूवर ढकलूनही भागत नाही. व्हिएतनाम युद्धातून १९७१ साली परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. सुमारे पाचांतल्या एकाने तिथे असताना हेरॉइनचं व्यसन लागल्याचं सांगितलं होतं. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. माणूस तोच, मेंदू तोच, पदार्थही तोच. भोवतालचं जग बदललं होतं. म्हणून मूल्यमापनात रुग्ण काय घेतो याइतकंच कुठे घेतो, कुणाबरोबर, काय झाल्यावर घेतो आणि त्या वेळी करण्यासारखं दुसरं काय असतं, हेही विचारतात.

आता असा भाग, जो न शिकता कुणी या कामात उतरूच नये असं माझं मत आहे: व्यसन थांबवल्यावर शरीराला होणारा त्रास. दारू मेंदूची क्रिया मंदावते. रोज दारू येत राहिली की मेंदू त्याविरुद्ध जोर लावून आपला वेग राखतो. दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखी ही अवस्था असते. हात एकदम काढला की ती उसळते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हातांची थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. ही डिलिरियम ट्रेमेन्सची अवस्था. तिच्यावर उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, म्हणजे बेंझोडायझेपाइन गटातली औषधं, अचानक थांबवली तरी फिट येण्याचा असाच धोका असतो. हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांचं चित्र उलटं. थांबवताना हाल भयंकर होतात, पण त्या हालांनी मरण ओढवणं विरळा. तिथे खरा धोका नंतर असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी कुणी पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत नाजूक मानतात. आणि म्हणूनच श्वास परत आणणारं नॅलॉक्सोन हे औषध आपल्या भागात कुठे मिळतं, हे समुपदेशकाला माहीत असावं लागतं.

औषधं समुपदेशक लिहून देत नाही, पण त्यांबद्दल अज्ञानी राहून त्याला चालत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन हे अफूवर्गीय औषध रोज ठरावीक प्रमाणात देऊन पाहिलं आणि १९६५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण स्थिरावले, शिक्षणाकडे आणि कामाकडे वळले. तेव्हापासून आजवर 'ही तर एक नशा सोडवून दुसरी लावणं झालं' हा आक्षेप चालू आहे. आक्षेप घेणाऱ्यांत समुपदेशकही असतात, खास करून स्वतः औषधाशिवाय सावरलेले. मेथाडोन आणि त्याच वर्गातल्या ब्युप्रेनॉर्फिनच्या उपचारांनी मृत्यू कमी होतात, याला भरपूर पुरावा आहे. आपल्या अनुभवाच्या जोरावर एखाद्याचं औषध तोडायला लावणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं.

समोर माणूस बसल्यावर

इथून अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. तो पुस्तक मिटून शिकावा लागतो.

१९८२ साली विल्यम मिलर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ काही काळ नॉर्वेतल्या बर्गनजवळच्या एका दवाखान्यात होते. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना नुसतं व्याख्यान देऊ दिलं नाही. ते स्वतः रुग्णाची भूमिका घ्यायचे, मिलर यांना बोलायला लावायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे: आता हाच प्रश्न का विचारलात? याच वाक्याला प्रतिसाद का दिलात, त्या दुसऱ्याला का नाही? या उलटतपासणीत मिलर यांना आपली पद्धत शब्दांत मांडावी लागली. १९८३ साली त्यावर त्यांचा लेख आला, पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह तिचा विस्तार झाला आणि मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग नावाने ती जगभर शिकवली जाऊ लागली. त्यांच्याआधी कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली सांगून ठेवलं होतं की समोरच्याला समजून घेणं, त्याचा विनाअट स्वीकार करणं आणि स्वतः खरेपणाने वागणं, या गोष्टींवर बदल अवलंबून असतो. मिलर यांनी त्यात दिशेची भर घातली. बदलाची कारणं समुपदेशकाने सांगायची नाहीत, ती रुग्णाच्या तोंडून यावीत असं बोलायचं.

ऐकायला हे सोपं आहे. एक प्रसंग घेऊ. बायकोने जबरदस्तीने आणलेला एक गृहस्थ समोर बसून म्हणतो, "हिला उगाच सवय आहे वाढवून सांगायची. मी पितो तेवढं सगळेच पितात."

नव्या विद्यार्थ्याच्या जिभेवर उत्तर तयार असतं: "अहो, पण तुमच्या लिव्हरचे रिपोर्ट बघितलेत का? मुलांचा तरी विचार करा." सगळं खरं आणि सगळं कळकळीचं. गृहस्थ यावर काय म्हणणार? आपण किती ठणठणीत आहोत ते सांगणार. म्हणजे तुम्ही न पिण्याची बाजू घेतलीत की पिण्याची बाजू मांडायचं काम तुम्हीच त्याच्याकडे दिलंत. जितका वेळ तो ती मांडेल, तितकी ती त्यालाच पटत जाईल.

आता दुसरा मार्ग. विद्यार्थी म्हणतो, "म्हणजे घरी सारखा हाच विषय निघतो, आणि तुम्हाला तर तुमचं पिणं चारचौघांसारखंच वाटतं."

गृहस्थ क्षणभर गप्प. मग, "तसं अगदी चारचौघांसारखं म्हणता येणार नाही. सकाळी जरा हात थरथरतात. थोडी घेतली की थांबतात."

या उत्तरात दोन्ही अर्धे भाग एकत्र येतात. बोलणं आवरलं म्हणून थरथर कळली. आणि पुस्तक वाचलेलं होतं म्हणून थरथरीचा अर्थ कळला: याचं शरीर दारूला सरावलं आहे. अशा माणसाला जोशात 'आजपासून बंद करा, शपथ घ्या' म्हणणं धोक्याचं. त्याला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं. सल्ल्याच्या घाईत असलेल्या विद्यार्थ्याला थरथरीचा पत्ताही लागला नसता, आणि लागला असता तर कदाचित त्याने शपथच घ्यायला लावली असती.

हे निव्वळ मताचं नाही. १९९३ साली मिलर आणि सहकाऱ्यांनी दारू पिणाऱ्यांशी बोलण्याच्या दोन पद्धतींची तुलना केली. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितकं त्याचा रुग्ण वर्षभरानंतर जास्त पीत असल्याचं आढळलं. 'खडसावल्याशिवाय व्यसनी माणूस ताळ्यावर येत नाही' हा समज घराघरांत आणि काही केंद्रांतही अजून आहे. मोठ्या वयाचे विद्यार्थी तो बरोबर घेऊन येतात, कारण त्यांनी खडसावणं पाहिलेलं असतं आणि त्यानंतर कुणी सुधारल्याचंही पाहिलेलं असतं. खडसावूनही न सुधारलेले मात्र डोळ्यांसमोर राहत नाहीत.

बदलाच्या पायऱ्यांचा तक्ता प्रत्येक वर्गात भिंतीवर असतो. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांनी १९८३ साली सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून तो मांडला. आधी विचारच नसतो, मग विचार येतो, तयारी होते, कृती होते, मग ती टिकवणं. नवशिक्याला हा तक्ता उपयोगी पडतो, कारण विचारही न करणाऱ्याला थेट कृतीचा आराखडा द्यायचा नसतो हे त्यातून चटकन कळतं. पण माणसं एकेक पायरी चढत जात नाहीत. सकाळी तयारीत असलेला माणूस संध्याकाळी पुन्हा विचाराच्याही मागे गेलेला असतो. संशोधकांनीही या मांडणीवर कडक टीका केली आहे. परीक्षेत तक्ता लिहा, माणसावर चिकटवू नका.

पुन्हा सुरू होण्याबद्दलही असंच. १९८५ च्या सुमारास अ‍ॅलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी दाखवलं की एक पेला आणि संपूर्ण घसरण यांच्या मध्ये माणसाचं मन उभं असतं. 'एकदा घेतलीच, आता सगळं संपलं, मी नालायकच' हा विचार त्या एका पेल्याला महिनाभर लांबवतो. घसरणीच्या आधी काय होतं याची छाननी केली तर उदास किंवा चिडलेलं मन, जवळच्यांशी भांडण आणि सोबत्यांचा आग्रह ही कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून घसरून आलेल्या माणसासमोर समुपदेशकाच्या चेहऱ्यावर निराशा दिसली, तर तो त्या विचाराला खतपाणीच घालतो. चेहरा आवरणं हाही अभ्यासाचाच भाग आहे, आणि त्याचं पुस्तक नाही.

सराव कसा मोजतात

एखादी दोन दिवसांची कार्यशाळा केली की मिलर यांची ही पद्धत येते, असं बऱ्याच जणांना वाटतं. मिलर आणि माउंट यांनी २००१ साली हेच तपासलं. कार्यशाळेनंतर सहभागी लोकांना आपल्यात मोठा बदल झाल्याचं वाटत होतं. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणं ऐकली तर बदल थोडा होता आणि रुग्णांच्या प्रतिसादात फरक पडावा इतका तर नव्हताच. २००४ साली १४० व्यावसायिकांवर केलेल्या मोठ्या अभ्यासातून उत्तर मिळालं. नुसत्या कार्यशाळेने आलेलं कौशल्य ओसरतं. नंतर आपल्याच सत्रांवर अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळत राहिलं, तर ते टिकतं.

म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात रुग्णाची लेखी संमती घेऊन सत्र ध्वनिमुद्रित करतात, त्यातला काही मिनिटांचा भाग शब्दशः उतरवतात आणि मार्गदर्शकासमोर मोजतात. किती प्रश्न विचारले, आणि समोरच्याचं म्हणणं समजून किती वेळा परत मांडलं? वरच्या प्रसंगातलं विद्यार्थ्याचं दुसरं वाक्य परत मांडण्याचंच होतं. प्रश्न आणि अशी विधानं बरोबरीला आली तर ठीक, विधानं प्रश्नांच्या दुप्पट झाली तर उत्तम, असा एक प्रचलित मापदंड आहे. पहिल्यांदा मोजणाऱ्याचे प्रश्न बहुधा भरमसाट निघतात. त्यातही अर्धे 'तुम्हाला असं नाही का वाटत की...' अशा वेषातले सल्ले असतात.

पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला हे ऐकून वाईट वाटतं आणि तो दुरुस्त करतो. पन्नाशीतल्याला अपमान वाटतो. जो वीस वर्षं इतरांची कामं तपासत आला, त्याचं वाक्य आता एखादी तिशीतली मार्गदर्शक थांबवते आणि विचारते, "इथे तुम्हाला कशाची घाई झाली?" मोठ्या वयात या क्षेत्रात येणाऱ्यांपैकी जे सोडून जातात, त्यांतले काही इथेच सोडतात असं मला वाटतं. जे टिकतात, त्यांचं वय मग कामाला येतं. गप्प बसण्यातला अवघडलेपणा त्यांना कमी जाणवतो आणि रडणाऱ्या माणसासमोर त्यांची धावपळ होत नाही.

स्वतःचा अनुभव

या क्षेत्राचा इतिहासच सावरलेल्या माणसांनी लिहिलेला आहे. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन भेटले. विल्सनची दारू काही महिन्यांपूर्वी सुटलेली, स्मिथची अजून चालूच. त्यांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. पुढे व्यसनमुक्ती केंद्रांनीही सावरलेल्यांना समुपदेशक म्हणून घ्यायला सुरुवात केली. आजही वर्गात त्यांची संख्या बरीच असते आणि कधीही व्यसन न केलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो: माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? अभ्यासांत या दोन प्रकारच्या समुपदेशकांच्या परिणामांत ठाम फरक आढळलेला नाही.

फरक पडतो तो अनुभव कसा वापरला जातो त्याने. आपण ज्या वाटेने बाहेर आलो तीच एक वाट, असं वाटणं स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅच या मोठ्या चाचणीत १,७२६ रुग्णांवर तीन वेगवेगळ्या पद्धती वापरल्या गेल्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांकडे नेणारी, विचार आणि वर्तन बदलणारी, आणि प्रेरणा जागवणारी. १९९७ साली निकाल आले तेव्हा तिन्हींचे परिणाम बरेचसे सारखे होते. स्वतःची गोष्ट सांगायला बंदी नाही, पण सांगण्याआधी एक तपासणी शिकवतात: हे सांगितल्याने कुणाला बरं वाटणार आहे, त्याला की मला? व्यवहारातले पेचही असतात. तुम्ही ज्या गटाच्या सभेला जाता तिथेच उद्या तुमचा रुग्ण येऊन बसला तर काय करायचं, याचं उत्तर मार्गदर्शकाशी आधीच बोलून ठेवावं लागतं. घरात व्यसन पाहिलेल्यांचा धोका वेगळा. समोर बसलेल्या गृहस्थात त्यांना स्वतःचा नवरा दिसू लागतो, आणि मग त्याच्या बायकोची बाजू ते तिच्याहून जोरात मांडतात.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात. आतलं बोलणं बाहेर जात नाही, अगदी रुग्णाला घेऊन आलेल्या आईलाही त्याच्या परवानगीशिवाय सांगत नाहीत. अपवाद जिवाच्या धोक्याचे: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा बेत, लहान मुलाचा छळ. नेमके नियम प्रत्येक देशात वेगळे, ते तिथल्या कायद्यातूनच शिकायचे. आणि या अपवादांची कल्पना रुग्णाला पहिल्याच भेटीत द्यायची, त्याने मन मोकळं केल्यानंतर नव्हे.

घर, नोकरी आणि वह्या

पाठांतराची धास्ती राहिलीच. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतो, पण आठवड्याने चाचणी घेतली तर वाचून मग न बघता आठवण्याचा प्रयत्न करणारे पुढे असतात. नोकरी करून शिकणाऱ्याला यापेक्षा कामाची दुसरी युक्ती नाही. रात्री तास-दीड तास रेघा ओढत वाचण्यापेक्षा वीस मिनिटं वाचावं, पुस्तक मिटावं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं. दोन दिवसांनी पुन्हा. दारू, अफूवर्गीय पदार्थ, झोपेच्या गोळ्या, उत्तेजक पदार्थ, तंबाखू, गांजा यांचा परिणाम, थांबवल्यावरचा त्रास आणि धोका एवढा एक तक्ता असा पाठ झाला की निम्मा बाऊ संपतो.

घरच्यांशी एक बोलणं मात्र सुरुवातीलाच करावं लागतं. प्रत्यक्ष काम सुरू झालं की माणूस घरी येतो तो नुसता दमून नाही. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी कार्यकर्ते आतून जळून रिकामे होतात याचं वर्णन केलं. त्यामागे न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातला अनुभव होता, जिथे मादक पदार्थ घेणारे तरुण उपचारांना यायचे. सर्वांत जास्त झोकून देणारेच आधी थकतात, हे त्यांचं निरीक्षण. मनात भूतदया घेऊन आलेल्या, उरलेल्या वर्षांत काहीतरी चांगलं करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ते स्वतःला लावून बघावं. रुग्णाला फोन नंबर देणं, पैसे देणं, रात्री धावत जाणं हे चांगुलपणाचं वाटतं आणि थोड्याच दिवसांत ना रुग्णाच्या उपयोगी पडत ना तुमच्या.

शेवटी अभ्यासक्रम निवडण्याबद्दल. प्रमाणपत्र, पदविका, पदवी असे अनेक दरवाजे आहेत आणि पात्रतेचे नियम जागोजागी वेगळे. काही ठिकाणी देखरेखीखाली हजारो तास काम केल्याशिवाय परवाना मिळत नाही, काही ठिकाणी परवान्याची पद्धतच नाही. कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेने तयार केलेला यूटीसी (युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम) हा अभ्यासक्रम बऱ्याच देशांत शिकवला जातो. प्रवेश घेण्याआधी दोन ठिकाणी चौकशी करा: जिथे नोकरी करायची आहे तिथे कोणती पात्रता मागतात, आणि ही संस्था ती देते का. इमारत, पुस्तकांची यादी, दूरस्थ की प्रत्यक्ष वर्ग, हे नंतर. संस्थेला सरळ विचारा की माझी सत्रं कोण ऐकणार, आठवड्यातून किती वेळ देणार आणि त्या व्यक्तीने स्वतः किती वर्षं रुग्णांबरोबर काम केलं आहे. उत्तर नावानिशी आणि वेळापत्रकासह आलं तर फॉर्म भरा. 'ते अभ्यासक्रमाच्या शेवटी बघू' असं आलं, तर दुसऱ्या संस्थेला फोन लावा.